बागेतल्या ओपन जिमने बायकांची हाडं मजबूत होत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पुरवणीत चाळिशीनंतरच्या महिलांच्या व्यायामावर अर्धं पान आलं होतं. लेख चांगल्या हेतूनेच लिहिलेला होता, चाला, प्राणायाम करा, लिफ्टऐवजी जिना वापरा, सगळं मान्य, पण खालच्या चौकटीत एक वाक्य होतं की या वयात महिलांनी जड वजनं उचलणं टाळावं, एक-दोन किलोचे डंबेल्स पुरेसे आहेत. ती चौकट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली, मग भिशीच्या ग्रुपवर आली, आणि माझ्या नणंदेने मला ती वेगळी पाठवून खाली लिहिलं "वाचा वहिनी, पेपरात आलंय". आता पेपरात आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार, म्हणून पेपरातच लिहितेय.

माझं वय ५३, बँकेत काउंटरला बसते, पाळी बंद झालेली आहे आणि डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर हा घनतेचा आकडा उणे एकच्या खाली आलाय. डॉक्टर याला ऑस्टिओपेनिया म्हणतात, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागणं, आणि उणे अडीचवर गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन चालू आहे, त्यात काही वाद नाही. पण त्याच्या जोडीला मी बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट्स लावायची लोखंडी दांडी) घेऊन स्क्वॉट म्हणजे उठबस आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून बार उचलणं असे व्यायाम करते, आणि ते एक-दोन किलोच्या गुलाबी डंबेलने का भागत नाही हे सांगायचंय.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात लिफ्टमोर नावाचा एक प्रयोग झाला, २०१८ ला तो छापून आला. पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या, सरासरी वय ६५, म्हणजे आपल्याकडे ज्यांना आपण "आजी तुम्ही बसा" म्हणतो त्या. एका गटाला आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा अर्धा तास, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलायचा प्रेस, पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच वेळा उचलायचं, आणि वजन किती तर जास्तीत जास्त जेवढं एकदाच उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर. शिवाय बारला धरून उडी मारून जमिनीवर धपकन पाय टेकवायचे. पहिल्या दिवसापासून नाही बरं का, सुरवातीला हलकं घेऊन आधी नीट शिकवलं. दुसऱ्या गटाला घरच्या घरी करायचा हलका व्यायाम दिला. आठ महिन्यांनी बघितलं तर जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली होती आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के कमी झाली होती. दुखापत म्हणाल तर जड गटात एकीच्या कमरेत किरकोळ उसण भरली, बास. म्हणजे आपल्या चौकटीतला जो सल्ला आहे ना, तो या प्रयोगात दुसऱ्या गटाला दिलेला होता.

यातलं कारण समजून घेतलं तर अवघड नाही. हाडात जिवंत पेशी असतात, त्यांना सवयीपेक्षा जास्त ताण जाणवला तरच त्या नवीन हाड घालतात. चालणं चांगलंच आहे, हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मनाला तर फारच चांगलं, पण ज्या पायांनी आपण पन्नास वर्षं चालतोय त्या हाडांना अजून एक फेरी म्हणजे काही नवीन नाही. स्नायूंचंही तेच. आज दहा किलो जड वाटलं, महिनाभराने वाटेनासं झालं, की बारा करायचं. तो बारा करण्याचा जो भाग आहे तोच मुळात व्यायाम आहे, बाकी सगळं हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाच्या सोबत दोन किंवा जास्त दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि पासष्टीच्या पुढच्यांना तोल आणि ताकद मिळून तीन दिवस. आपल्याकडे पहिली ओळ सगळ्यांना पाठ आहे. दुसरी कोणी वाचतच नाही.

आता बागांमधल्या ओपन जिमबद्दल. कुठल्याही शहरात जा, वॉर्डावॉर्डात बसवलेल्या आहेत, निळ्या-पिवळ्या नाहीतर हिरव्या रंगाच्या, वर कोणाच्या निधीतून कोणाच्या प्रयत्नातून याची पाटी, कधीकधी पाटी मशीनपेक्षा मोठी. कंबर फिरवायची चकती, हवेत चालायचं मशीन, बसून ढकलायचं मशीन. संध्याकाळी बायका तिथे गर्दी करतात, पाय हलवत हलवत गप्पा होतात, सुनांचा विषय निघतो, ते पण हवंच, मी नाही म्हणत नाही. पण त्या मशीनला वजन वाढवायची सोयच नसते हो! ढकलायच्या मशीनवर तुम्ही तुमचंच अंग थोडंसं उचलता, पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच पाचव्या वर्षी. एकाही मशीनला प्लेट लावायला जागा नाही. लोकांच्या पैशाने बायकांच्या तब्येतीसाठी म्हणून काही करायचंच असेल तर ज्यात किलो वाढवता येतात असं काहीतरी करा, एवढं साधं म्हणणं आहे.

यावर आमच्या बँकेत भांडी घासायला, झाडायला येणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, की ताई आम्ही आयुष्यभर हंडे वाहिले, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेतल्या, आम्हाला काय जिम सांगता. बरोबर आहे त्यांचं, माझ्यापेक्षा त्यांच्यात ताकद जास्तच आहे. बाई जड उचलू शकते का हा प्रश्नच आपल्याकडे खरं तर हास्यास्पद आहे, दुष्काळी भागात जाऊन विचारा. पण त्या ओझ्यात आणि या वजनात फरक काय, तर ते ओझं अंगाला झेपेल तसं थोडं थोडं वाढवत नेलेलं नसतं, ते मुकादम ठरवतो किंवा विहीर ठरवते, मान वाकडी करून रोज तेच, मध्ये सुट्टी नाही आणि वर खायला पोटभर नाही. त्याने गुडघे जातात आणि मान जाते. बारबेलचा दिवस झाला की मी दुसऱ्या दिवशी उचलत नाही, आणि ही चैन आहे हे मला कळतं. त्याच मावशींच्या मुलीला मात्र आता लिफ्टिंग शिकायचंय, शाळेत सरांनी सांगितलंय म्हणे, बघू.

"दांडगी दिसशील", "आवाज पुरुषी होईल", "दंड फुगतील" हे मला जेवढ्या बायकांनी सांगितलं तेवढं एकाही पुरुषाने सांगितलं नाही. अहो स्नायू फुगायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते बायकांच्या अंगात पुरुषांच्या मानाने अगदी थोडं असतं, पुरुष पोरं तीन तीन वर्षं जिममध्ये राबतात, आरशासमोर उभी राहतात, तरी त्यांचे दंड फुगत नाहीत, आणि आपले म्हणे दोन महिन्यांत फुगणार. मीराबाई चानूकडे बघा की. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात तिने स्नॅचला (बार एका झटक्यात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५ असे मिळून २०२ किलो उचलून रौप्य आणलं, ११५ म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि ती शेजारी उभी राहिली तर शाळेतली मुलगी वाटेल. त्याच्या आधी २००० साली सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून कांस्य आणलं, ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई ती. आणि गंमत म्हणजे बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी त्या वर्षी, पुरुषांचं १८९६ पासून होतं. शंभर वर्षांत कोणाला सुचलं नाही.

दुसरी भीती गर्भाशय खाली येईल ही. ज्यांना आधीच अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, लघवीवर ताबा राहत नाही, बीपी जास्त आहे, किंवा मणक्याचं हाड आधी मोडलंय त्यांनी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय बारला हात लावू नये, हे मी आमच्या जिममध्ये नवीन बाई आली की पहिलं सांगते. पण म्हणून सरसकट सगळ्याच बायकांना दोन किलोवर बसवायचं हा कुठला न्याय. तीच बाई दिवाळीत गव्हाचा तीस किलोचा कट्टा एकटी ओढते, तेव्हा नाही कोण चौकट छापत.

आता थोडं पॉवरलिफ्टिंगबद्दल, कारण लोकांना हे आणि वेटलिफ्टिंग एकच वाटतं. मीराबाई करते ते वेटलिफ्टिंग, त्यात बार डोक्यावर न्यायचा. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार, स्क्वॉट म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठबस, बेंच प्रेस म्हणजे आडवं पडून छातीवरून ढकलायचा, आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं. प्रत्येक प्रकाराला तीन संधी, त्यातलं सगळ्यात जड धरून तिन्ही प्रकारांची बेरीज. समोर आणि दोन बाजूंना असे तीन पंच, तिघांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला तर लिफ्ट धरतात. स्क्वॉटला मांडी पुरेशी खाली गेली नाही की लाल. बेंचला बार छातीवर थांबवून पंच "प्रेस" म्हणेपर्यंत ढकलायचा नाही, आणि ते एक क्षण थांबणं किती लांबतं ते बेंचवर आडवं झाल्याशिवाय कळत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये बायकांचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २०, पण पॉवरलिफ्टिंगमध्ये बायका-पुरुष दोघांनाही तोच २० किलोचा बार. मला हे फार आवडतं, का ते सांगता येणार नाही.

आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात वयाचे गट आहेत. चाळीस ते एकोणपन्नास मास्टर्स एक, पन्नास ते एकोणसाठ मास्टर्स दोन, मग साठीचे, मग सत्तरीच्या पुढचे. म्हणजे मला वीस वर्षांच्या पोरीशी टक्कर घ्यायची नाहीये, माझ्या वजनाच्या, माझ्या वयाच्या बाईशी आहे. किती खेळांमध्ये असं आहे सांगा, जिथे त्रेपन्नाव्या वर्षी बाईला "तुमचा नंबर आला, स्टेजवर या" असं माइकवरून बोलावतात? हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी भावना टोकेकर, वय ४७, दोन मुलांची आई, २०१९ ला रशियात चेल्याबिन्स्कला आशियाई ओपन पॉवरलिफ्टिंगमध्ये जाऊन चार सुवर्णपदकं घेऊन आल्या. लिफ्टिंग सुरू केलं तेच चाळिशी उलटल्यावर. माझा स्क्वॉट ५५ किलोचा आहे, म्हणजे मी काही पदकाच्या वाटेवर नाही, पण खुर्चीवरून उठताना हात टेकवायचे मी बंद केलंय आणि सिलिंडर आता कोणाची वाट बघत थांबत नाही.

धोक्याबद्दल न बोलणं अप्रामाणिक होईल. २०२५ च्या फेब्रुवारीत राजस्थानात बिकानेरला १७ वर्षांची एक राष्ट्रीय पातळीवरची पॉवरलिफ्टर सराव करताना २७० किलोचा बार मानेवर पडून गेली. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, कोणी फिरवू नये असा होता, आणि त्या आठवड्यात आमच्या जिममधल्या दोन मुलींना घरच्यांनी बंद केलं. त्या मुलींच्या आयांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, माझी मुलगी असती तर माझाही हात थरथरला असता. पण त्या बातमीच्या खाली एकाही पेपरात हे आलेलं मी वाचलं नाही की स्क्वॉट करताना रॅकला, म्हणजे बार ठेवायच्या खांबांच्या चौकटीला, दोन्ही बाजूंनी सेफ्टी बार लावायचे असतात, पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो त्याच्या किंचित खालच्या उंचीला, म्हणजे माणूस कोसळला तरी बार त्यांच्यावर अडकतो आणि अंगावर येत नाही. वजन जास्त असेल तर दोन्ही टोकांना एक एक स्पॉटर, म्हणजे बार सावरायला तयार उभा असलेला माणूस, आणि मागे एक. बेंचवर एकटीने असताना बारला कॉलर, म्हणजे प्लेट सरकू नये म्हणून लावतात ती क्लिप, लावायची नाही, म्हणजे अडकलं तर प्लेट एका बाजूला सरकवून सुटता येतं. अंगठा बारच्या खालून गुंडाळायचा, वरून सोडायचा नाही. या गोष्टी कुठल्याही बऱ्या प्रशिक्षकाला माहीत असतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सेफ्टी बार कोपऱ्यात धूळ खात पडलेले असतात कारण ते लावायला दोन मिनिटं लागतात. एका जिममध्ये मी विचारलं तर ट्रेनर म्हणाला, मॅडम तुम्ही कुठे एवढं उचलणार आहात, तुम्ही ट्रेडमिलवर जा.

हा ट्रेडमिलवर जा प्रकार सगळीकडे आहे. बाई आत आली की तिला कार्डिओच्या बाजूला पाठवायचं, वजन कमी करायचंय ना मॅडम, हे गृहीतच. मला वजन कमी करायचंच नव्हतं, मला वाढवायचं होतं, बारवरचं.

आता माझं मागणं. शहरांमध्ये महापालिकांच्या, नगरपालिकांच्या व्यायामशाळा आहेत, जुन्या तालमी आहेत, काही ठिकाणी नुसतं कुलूप आहे. तालमीत बाईने पाय ठेवायचा नाही असं म्हणणाऱ्या याच भागात २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा घेतली, लोक बघायला गेले, टाळ्या वाजवल्या. सांगलीच्याच काजोल सरगरने २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात वेटलिफ्टिंगचं सुवर्ण आणलं, तिचा भाऊ संकेत त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला, घरची पानाची टपरी. म्हणजे पोरी आहेत, सर आहेत, हौस आहे. जे नाही ते म्हणजे नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईला जाता येईल अशा वेळेला उघडी असलेली जागा. प्रत्येक व्यायामशाळेत सेफ्टी बारसकट एक रॅक, एक बार, थोड्या प्लेट्स, त्यात अडीच किलोच्या आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेट्स जरूर, कारण बायकांना वजन वाढवायचं तर ते छोट्या टप्प्यानेच वाढतं आणि नेमक्या त्याच प्लेट्स कुठे नसतात. लोखंड आहे, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं जातं, बागेतल्या मशीनसारखं दुसऱ्या पावसाळ्यात बेअरिंग जाऊन करकरत नाही. दुपारी एक ते चार लेडीज बॅच नको, त्या वेळेला मी काउंटरवर असते आणि माझ्यासारख्या हजारो जणी कुठे ना कुठे असतात. सकाळी सहा नाहीतर संध्याकाळी साडेसहा द्या. आणि शिकवायला बाईच हवी असा माझा हट्ट नाही, जाणकार हवा, माझे सर पुरुषच आहेत, त्यांनी माझा बार दोन महिने रिकामा ठेवला होता, प्लेट लावूच दिली नाही, तेव्हा राग यायचा.

खाण्याचं थोडक्यात, कारण त्यावर तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला येतंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम, आणि हे साध्या माणसाचं, वजन उचलणाऱ्याला त्याहून जास्त. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली आमटी आणि अर्धी भाकरी यात ते कुठून बसणार. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, पन्नास ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये पंचवीसच्या आसपास, मटकी, हरभरा, दही, शेंगदाण्याचा कूट आहेच. महागड्या डब्यांची पावडर आधी घ्यायची गरज नाही, आधी स्वतःच्या ताटात उसळीची वाटी भरून घ्या, सगळ्यांच्या आधी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. हिमोग्लोबिन आठ असताना कोणी डेडलिफ्ट मारू नये, आधी ते तपासा.

शेवटचं, आणि हे खास तुमच्यासाठी आहे संपादकसाहेब. जिल्हा पातळीवरच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धांच्या बातम्या तुमच्याकडे येतात, मी कात्रणं ठेवलीत. त्यात उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, नारळ कोणी फोडला, सूत्रसंचालन कोणी केलं, सगळं असतं. पुरुषांच्या निकालात किलोही असतात. बायकांच्या निकालात "महिला गटातही स्पर्धकांनी उत्साहाने भाग घेतला" आणि तीन नावं. किती उचललं ते नाही! क्रिकेटमध्ये "फलंदाजाने उत्साहाने धावा काढल्या" असं छापाल का? पुढच्या वेळी कृपया प्रत्येक मुलीच्या नावापुढे वजनगट, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट आणि एकूण असे पाचही आकडे छापा, जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांची एक ओळ काढा. बातमीदार पाठवणार असाल तर उद्घाटनाला पाठवू नका. स्पर्धकांची वजनं लिफ्टिंगच्या दोन तास आधी घ्यायला सुरवात होते, तेव्हा पाठवा, आणि डेडलिफ्ट संपेपर्यंत थांबायला सांगा, कारण नंबर बऱ्याचदा शेवटच्या डेडलिफ्टलाच बदलतो. आकडे टेबलावरच्या शीटवर लिहिलेले असतात, मागितले की देतात.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा
(नाव छापू नये, बँकेत कळलं तर कॅशच्या पेट्या मलाच उचलायला लावतील)